खंडेनवमीला पाहिलेली गाडी

मंडळाच्या दिवाळी अंकात लिहा म्हणून गेली तीन वर्षं मागं लागलेत, आणि तीन वर्षं मी चुकवतोय. यंदा संपादकबाई घरीच येऊन बसल्या. म्हटलं, "अहो, माझी मराठी म्हणजे घरातली, अर्धं कन्नड. तुमच्या अंकात शोभायची नाही ती." त्या म्हणाल्या, "आहे तशी लिहा, अण्णा. जुन्या गाड्यांच्या गमती लिहा." गमती आहेत, नाहीत असं नाही. पण लिहायला बसलो की एकच गाडी पुढे येऊन उभी राहते आणि तिच्यात गंमत काही नाही. शेवटी म्हटलं, सरी, बरं, तिचंच लिहू.

आमचं घराणं बेंगळुरात कधी आलं ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. आजोबा म्हणायचे कुठल्याशा फौजेबरोबर आलो. इथले जुने सगळेच तसं म्हणतात. यशवंतपूरला बाजाराच्या मागं वडिलांचं गॅरेज होतं, ते मी चाळीस वर्षं चालवलं. पुढं पुढं नव्या गाड्यांत कॉम्प्युटर आले, हाताला काम कमी झालं, आणि मी गाड्या दुरुस्त करण्यापेक्षा बघायलाच जास्त जाऊ लागलो.

म्हणजे काय, ते सांगतो. जुनी गाडी घ्यायची तर लोक सोबत मेकॅनिक नेतात. मुलगी बघायला घरातला एक जाणता माणूस नेतात ना, तसं. मालक गुण सांगतो, आपण ऐकून घ्यायचं आणि हात चालवायचे. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग उडाला असेल तर कधीतरी पाना लागलाय, म्हणजे गाडी ठोकलेली. इंजिनात तेल ओततात ते झाकण उलटं करायचं, आतून दह्यासारखं काही चिकटलं असेल तर तेलात पाणी शिरलंय, हात जोडून निघायचं. मीटर काहीही दाखवू दे, ब्रेकच्या पेडलचं रबर बघायचं. मल्लेश्वरमला एक गृहस्थ शपथेवर सांगत होते, गाडी फक्त आईला देवळात न्यायला वापरली. रबर पार गुळगुळीत! मी म्हटलं, "देऊळ काशीला होतं काय, सार?" ते भडकले. आम्ही वाटेत इडली खाऊन हसत परत आलो.

आणखी एकाला गाडीच्या नंबराची बेरीज पाच यायला हवी होती. इंजिन कसलं का असेना, बेरीज पाच. तीन चांगल्या गाड्या त्यानं सोडल्या. मी म्हटलं, "मग मला कशाला आणलंस बाबा, बेरजेला?" असे लोक. मला राग यायचा. गाडीत नशीब वगैरे काही नसतं, गाडीत लोखंड असतं, रबर असतं आणि तारा असतात, असं मी ठणकावून सांगायचो.

सगळ्यात आधी मात्र नाक. दार उघडलं की डोकं आत घालून एक श्वास घ्यायचा. आपल्या गावात अलीकडे तळी बुजवून लेआउट केलेत, जोराचा पाऊस झाला की इमारतींच्या तळघरात पाणी भरतं आणि खाली लावलेल्या गाड्या खिडकीपर्यंत बुडतात. मग त्या धुऊन, वाळवून, नवे कव्हर घालून बाजारात येतात. दिसायला झकास. पण गालिच्याखाली चिखलाचं बारीक पीठ राहिलेलं असतं आणि तिथूनच सगळ्या तारा गेलेल्या असतात. वर्षा-दीड वर्षात त्या आतल्या आत सडतात. अशा गाडीला एक कोंदट वास असतो, ओल्या पोत्याचा. तो मी डोळे मिटून ओळखायचो आणि त्याचा मला फार अभिमान होता.

पल्लवी मला मंडळाच्या ग्रुपवरून सापडली. मूळची नागपूरची, एचएसआर लेआउटला राहणारी, तिथंच आयटीत नोकरी. लग्न मोडून दोन वर्षं झालेली. वडिलांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा तिनं आईवडिलांना इकडं आणलं. आठवड्यातून तीनदा जे. पी. नगरच्या एका दवाखान्यात डायलिसिस, म्हणजे यंत्रावर चार तास रक्त धुऊन घ्यायचं. कॅबवाले हो म्हणून ऐनवेळी रद्द करायचे.

"अण्णा, मला फॅन्सी काही नको," ती फोनवर म्हणाली. "छोटी चालेल, जुनी चालेल. फक्त रिलायबल पाहिजे. उशीर झाला ना की बाबांचा स्लॉट दुसऱ्याला देतात."

अशी मागणी करणारं गिऱ्हाईक मला आवडायचं. बेरीज नाही, रंग नाही, गाणी वाजणारी पेटी नाही. बाप वेळेवर पोचला पाहिजे, बस्स.

जे. पी. नगरलाच एक गाडी निघाली. पांढरी, छोटी, नऊ वर्षांची. मालकानं ती स्वतः वर्षभरापूर्वी दुसऱ्याकडून घेतलेली. दसऱ्याला दुसरं गिऱ्हाईक बघायला येतंय म्हणाला. इकडं पल्लवीच्या आईला, कमलताईंना, दसऱ्याच्या मुहूर्तावरच गाडी दारात हवी होती. म्हणजे बघायची ती आदल्या दिवशीच. आदला दिवस खंडेनवमीचा.

आमच्याकडे खंडेनवमी, गल्लीत आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी गॅरेजमधले पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, जॅक सगळं धुऊन पुसून लाल कापडावर मांडायचं, हळदकुंकू आणि शेवंती वाहायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा करून उचलेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वडिलांनी कधी लावला नाही, मीही नाही. मी पल्लवीला म्हटलं, "दसरा होऊ दे, मग बघू." ती म्हणाली, "अण्णा, नुसती नजर टाका ना, प्लीज. तुम्हाला कशाला लागतात हत्यारं?" आणि मी फुललो! खरंच, मला कशाला लागतात? गेलो रिकाम्या हातानं.

त्या दिवशी बेंगळुरातली प्रत्येक गाडी नवरीसारखी असते, ठाऊक आहेच तुम्हाला. ही पण तशीच उभी होती. पुढं केळीचे खुंट, गळ्यात हार, काचेवर गंधाची बोटं, चाकांखाली लिंबं, रस्त्यावर फोडलेला कोहळा. मालकानं चुरमुरे-बत्तासे हातावर ठेवले. मी दार उघडून नाक आत घातलं. आत नुसती सांब्राणीची धुरी, कापूर आणि शेवंती. मला प्रसन्न वाटलं हो! सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला, पाण्यातून निघालेल्या गाडीच्या पट्ट्यावर डागाची रेघ असते म्हणून. रेघ नव्हती. नऊ वर्षांच्या गाडीचा पट्टा इतका कोरा कसा, हे तेव्हाच मनात यायला हवं होतं. दाराजवळ गालिचा दमट लागला. म्हटलं, सकाळीच धुतलीय, असणारच. दाराखालची पट्टी काढून गालिचा वर करायला एक स्क्रूड्रायव्हर लागतो, एवढासा. माझे देवापुढं होते, मालकाचेही देवापुढं होते. आणि खरं सांगतो, पूजा झालेल्या गाडीचं पोट उघडायचं माझ्या जिवावर आलं. इंजिन ऐकलं, एक फेरी मारली आणि म्हणालो, "डोळे मिटून घ्या."

आता मी एक स्क्रूड्रायव्हर पूजेत मांडत नाही. बायको विचारते. मी तो खिशात सरकवतो.

सुरुवातीचे तीन महिने गाडी छान चालली. पल्लवीचे वडील, वसंतराव, शाळेत भूगोल शिकवायचे. पुढच्या सीटवर बसून दुकानांच्या पाट्यांवरून कन्नड अक्षरं लावायचे. गाडी सर्व्हिसिंगला आली तेव्हा स्वतः बरोबर आले आणि मला म्हणाले, "अण्णा, ही माझी शाळेची बस आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. एक दिवस खाडा नाही!" हाताला सुया टोचून टोचून गाठी झालेल्या, आणि माणूस माझ्या गॅरेजची पाटी मोठ्यानं वाचतोय. त्यांनी दोन अक्षरं चुकवली. मी दुरुस्त केली, तर शाळेतल्या पोरासारखे कान पकडले. मला ते फार आवडले होते.

जानेवारीत गाडी पहिल्यांदा बंद पडली. चालता चालता गप्प. दहा मिनिटांनी आपली आपण सुरू. मी जाऊन बॅटरीची टोकं घासली. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. पेट्रोलचा पंप बदलला. पुन्हा. माझ्यासमोर मात्र एकदाही बंद पडली नाही. डॉक्टरपुढं ताप उतरणाऱ्या पोरासारखी शहाणी! प्रत्येक वेळी दवाखान्यात उशीर व्हायचा, पल्लवी नर्सच्या पाया पडायची, कसाबसा स्लॉट मिळायचा. गालिचा उचलावा असं मला सुचलं नाही. का सुचेल? ती गाडी तर मी स्वतः पास केलेली. बुडालेली गाडी माझ्या नाकाखालून जाईल कशी?

एकदा एचएसआरला त्यांच्या घराखाली गाडी तपासून हात पुसत होतो. कमलताई चहा घेऊन खाली आल्या. "काय झालं आहे हो तिला? काहून अशी करून राहिली?"

मला सापडलं नव्हतं. 'सापडलं नाही' एवढे दोन शब्द बोलायला माझी जीभ वळेना. आमच्या धंद्यात अशा वेळी वापरायचं एक वाक्य आहे, सगळे मेकॅनिक वापरतात. मी ते वापरलं. म्हटलं, "काही गाड्या काहींना लाभत नाहीत, अक्का."

आयुष्यभर नशिबाला हसणारा मी. पण अडचणीत तेच तोंडातून आलं.

कमलताईंनी कप माझ्या हातात दिला. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या पोरीला काहीच लाभत नाही, बाप्पा." पल्लवी तिथंच पायरीवर होती. तिनं ऐकलं. मी चहा पिऊन निघालो.

मार्चमधल्या एका गुरुवारी गाडी अशी बंद पडली की स्लॉट गेलाच. दवाखान्यानं शनिवारी सकाळचा पहिला दिला. मी त्याच दुपारी गेलो, पंपाला वीज सोडणारा रिले बदलला, स्वतः रिंग रोडला वीस किलोमीटर फिरवून आणली. एकदाही अडखळली नाही. पल्लवीला किल्ली देताना म्हणालो, "आता काळजी नाही."

शनिवारी सकाळी वसंतरावांना दम लागत होता. डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं, छातीत चढतं. कमलताई म्हणाल्या, ऑटो बोलाव. पल्लवी म्हणाली, "अण्णांनी पाहिलीय ना आई, गाडीनंच जाऊ."

फ्लायओव्हरच्या मधोमध गाडी बंद पडली.

तिचा फोन आला तेव्हा मी गॅरेज उघडत होतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मागून हॉर्नचा गोंगाट. "अण्णा, बाबांना श्वास घ्यायला त्रास होतोय, काय करू?" मी काय सांगायला हवं होतं? गाडी सोड, हात दाखवून कुणालाही थांबव. पण मी मेकॅनिक. मी गाडीचंच सांगितलं. "दहा मिनिटं थांब, स्वल्प थंड होऊ दे, सुरू होईल. दर वेळी होते."

तिनं माझं ऐकलं. दहा मिनिटं थांबली. मग आणखी दहा. मग एका डिलिव्हरी व्हॅनवाल्यानं गाडी आडवी घालून त्यांना आत घेऊन दवाखान्यात पोचवलं.

वसंतराव चार दिवस होते. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, वेळेवर आले असते तरी सांगता आलं नसतं. ते गेले त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो होतो. कमलताई कोपऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगत होत्या, गाडीच लाभली नाही, मेकॅनिकसुद्धा म्हणाले होते. लोक माना हलवत होते आणि हळूच पल्लवीकडं बघत होते. मला कुणीच काही बोललं नाही. उलट मला पाणी दिलं.

ओढून आणलेली गाडी माझ्याकडंच होती. गॅरेजवर आलो आणि सरळ दाराखालची पट्टी उचकटली. गालिचा वर केला. खाली राखाडी चिखल, वाळून नाचणीच्या पिठासारखा झालेला. पंपाकडं जाणाऱ्या तारेचा जोड हिरवा पडलेला, बोट लावलं तर भुगा हातात आला. गाडी तापली की जोड सुटायचा, निवली की चिकटायचा. पाच मिनिटांचं काम होतं ते. खंडेनवमीला पाच मिनिटांचं.

मग सांगितलं का लगेच? नाही. आजचं उद्यावर ढकललं. दिवस होऊ देत म्हटलं, मग मासिक होऊ दे. कमलताई नागपूरला निघून गेल्या असं कळलं, मग म्हटलं आता कशाला जखम उकरायची. पल्लवीनं कळवलं होतं, गाडी भंगारात द्या, मला बघायची नाही. मी ती ताडपत्रीखाली झाकून ठेवली. आठ महिने. रोज तिच्यावरून जायचो आणि तिकडं बघायचो नाही. दोन चांगली गिऱ्हाईकं गाडी बघायला बोलवायला आली, त्यांना म्हटलं डोळ्यांचा त्रास आहे.

नोव्हेंबरात गाडीच्या कागदांसाठी पल्लवीचा फोन आला. आवाज एकदम सपाट. बोलता बोलता म्हणाली, "फ्लॅट बुक केला होता अण्णा, तो कॅन्सल केला. आई म्हणते तुझ्या नावावर काही घेऊच नको. मलाही तसंच वाटतं. तुम्ही तर आधीच सांगितलं होतं, लाभत नाही म्हणून."

फोन ठेवला आणि ताडपत्रीपुढं जाऊन उभा राहिलो. बाप गेल्याचं दुःख तिच्या वाट्याला होतंच. वर माझी चूक तिच्या नशिबाच्या नावावर चढली होती आणि ती चढवली मी, स्वतःच्या तोंडानं, त्यांच्याच दारात उभा राहून.

बिघडलेला भाग काढला की गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा, ही आमची जुनी पद्धत. तो जोड कापून रुमालात घेतला आणि रविवारी सकाळी एचएसआरला गेलो. पल्लवी बारीक झाली होती. मी बसलोसुद्धा नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पूजा, सांब्राणी, कोरा पट्टा, दमट गालिचा, देवापुढं ठेवलेला स्क्रूड्रायव्हर. "तुझं नशीब नव्हे गं ते. मी बघितलं नाही. नंतर सापडलं नाही तेव्हा खोटं बोललो. आणि त्या दिवशी थांब म्हणालो तेही चुकलं."

तिनं जोड हातात घेतला. बोटांना हिरवं लागलं.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"ज्या दिवशी बाबा गेले त्याच दिवशी."

"आठ महिने," ती म्हणाली. "अण्णा, आठ महिने मी आरशात बघितलेलं नाही." आणि मग रडायला लागली, मोठ्यानं, तोंडावर हात न घेता. मी काय करणार? रुमाल होता, तो ग्रीसचा. तसाच उभा राहिलो.

शांत झाल्यावर तिनं फोन उचलला, नागपूरचा नंबर लावला आणि माझ्यापुढं धरला. "आईला सांगा. माझ्याकडून तिला खरं वाटणार नाही."

मी कमलताईंना सांगितलं, अगदी पहिल्यापासून. मला वाटलं शिव्या देतील, आणि द्याव्यात असं फार वाटत होतं. फोन चालू आहे ना म्हणून मी दोनदा विचारलं.

"ऐकून राहिले मी," त्या म्हणाल्या. मग एकदम आवाज फाटला. "म्हणजे माझ्या लेकीचं काहीच नव्हतं?"

"नाही अक्का. काहीच नव्हतं."

"अन् मी तिला काय काय बोलली, बाप्पा! मी स्टेशनवर तिच्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही." त्या हुंदके देत होत्या. "द्या. तिला द्या फोन."

मी फोन पल्लवीच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि "आई" म्हणून जमिनीवरच बसली. मी चपला घातल्या, दार हळूच ओढून घेतलं. तिनं मला थांब म्हटलं नाही, नंतरही कधी फोन केला नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.